तिसऱ्या मजल्यावरचं सरपण

ओंडका पहिल्यांदा आपटला तेव्हा मार्लीसच्या तोंडात ब्रश होता. दुसऱ्यांदा आपटला तेव्हा तिला कळलं की हा आवाज आपल्याच दारासमोरून निघालाय. त्यानंतर तिनं नुसतं ऐकलं, कारण ओंडका आता जिना उतरत होता, आणि उतरत होता तोही घाईनं नाही, एखाद्या जाड्या म्हाताऱ्यानं कठडा धरून, मध्ये दम खात उतरावं तसा. वळणावर तो थांबला. मार्लीसही थांबली, ब्रश गालात तसाच. मग बहुधा त्याला काहीतरी आठवलं असावं, कारण तो पुन्हा निघाला आणि दुसऱ्या मजल्यावर हलीमोच्या दाराला जाऊन धडकला. हलीमो पुढे कुणीही ऐकायला बसलं की शपथेवर सांगायची, की लाकडानं रीतसर तीनदा दार वाजवलं आणि घरात कोण आहे याची चौकशीसुद्धा केली असती, पण तिनं त्याआधीच कडी काढली.

"मार्लीस!" खालून हलीमोचा आवाज आला. "तुझा नवरा आलाय गं! पण फारच वाळलाय!"

"नवरा नाहीये तो माझा," मार्लीस फेसाळ तोंडानं म्हणाली. हे वाक्य ती गेली दोन वर्षं त्याच जिन्यातून, त्याच बाईला, त्याच सुरात ऐकवत होती, आणि मोगादिशूहून मिनिॲपोलिसपर्यंत येताना अनेक गोष्टी पचवलेली हलीमो ते वाक्य दर वेळी तितक्याच प्रेमानं कानाआड करत होती. मार्लीसची सात वर्षांची मुलगी बिग्गी तोवर अनवाणी खाली पळालीसुद्धा. तिचं खरं नाव वाबिग्वन, म्हणजे फूल, पण शाळेतल्या बाईंना ते एका श्वासात जमेना म्हणून बिग्गी झालं. ओंडका दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती वर आली तेव्हा तिच्या झग्याला पांढऱ्या सालीचे पापुद्रे चिकटले होते. "आई, याला पण यायचंय कोर्टात," ती म्हणाली. मार्लीसनं चूळ भरली आणि आरशात स्वतःकडे पाहिलं. आरशात तिच्या मागे न्हाणीघराचा टब दिसत होता, आणि टबात काठोकाठ, नीट रचलेलं, बर्चच्या झाडाचं फोडलेलं सरपण.

त्या घरात चूल नव्हती. शेकोटी नव्हती, धुराडं नव्हतं, धूर जायला भोकसुद्धा नव्हतं. भिंतीतल्या नळ्यांमधून वाफ फिरायची आणि घर आपोआप तापायचं. आणि त्या घरात, सोफ्याच्या पाठीला, बिग्गीच्या पलंगाखाली, पुस्तकांच्या फळीवर पुस्तकं खाली उतरवून, दाराबाहेरच्या चौथऱ्यावर, जिथे म्हणून सपाट जागा सापडली तिथे उत्तरेतल्या रानातलं बर्च उभं होतं. गेल्या जानेवारीत वाफेच्या उबेनं लाकडातल्या भुंग्यांना वाटलं की वसंत आला. ते बाहेर पडले. खिडकीबाहेर बर्फ कमरेइतकं, त्यामुळे त्यांना हाकलणं म्हणजे जीव घेणं. तेव्हा मार्लीसनं त्यांना स्वयंपाकघरात राहू दिलं, आणि त्यांतला एक तर ईस्टरपर्यंत जगला आणि चमचा वाजवला की साखर खायला यायचा. हे मार्लीस सांगत नसे, बिग्गी सांगायची, आणि बिग्गी खोटं बोलण्यात बापावर गेली होती. पण वास तर खरा होता. कामावर, नकली दात बनवायच्या त्या पांढऱ्याशुभ्र प्रयोगशाळेत, मेणातून कुणाचा तरी पुढचा दात कोरताना मार्लीसच्या बाहीतून एकदम ओल्या सालीचा वास यायचा, आणि तिचा हात थांबायचा, आणि शेजारची मुलगी विचारायची, "तुम्ही सुट्टीत रानात गेला होतात का?" "नाही," मार्लीस सांगायची. "रान माझ्याकडे येतं."

दोन वर्षांपूर्वी ती आणि डेल्विन वेगळे झाले, तेही भांडून नाही. डेल्विन एक हिवाळा शहरात राहून पाहायला आला होता. रोज सकाळी तो खिडकीशी उभा राहून वारा कुठून येतोय ते शोधायचा, आणि वारा समोरच्या इमारतीच्या मागेच अडकलेला असायचा. मार्चमध्ये त्यानं टोपी उचलली आणि म्हणाला, "मार्लीस, मी इथे नुसता उभा असतो गं." ते तिला इतकं पटलं की तिनं त्याला डबा भरून दिला. मग दोघं मिळून वरती गेले. वरती म्हणजे उत्तरेला, आपल्या ओजिब्वे आदिवासी लोकांच्या मुलखात, जमातीच्या कोर्टात, अर्डिस मावशीपुढे. अर्डिस मावशी न्यायाधीश होती. मार्लीसच्या आईची ती चुलतबहीण, आणि डेल्विनची कुठूनतरी आत्या लागायची. तिथे सगळेच सगळ्यांचे कुठूनतरी काहीतरी लागतात. डेल्विन उन्हाळ्यात पाहुण्यांना मासेमारीला नेणार, सप्टेंबरात तळ्यातला रानतांदूळ झोडणार, हिवाळ्यात रस्त्यांवरचं बर्फ काढणार आणि लाकूड फोडणार. त्याच्या हातात पैसा येतो तो भुंग्यासारखाच, चुकून. म्हणून मावशीनं पोटगी वस्तूंत लावली, तशी तिथे रीत आहे. 'बाप फोडलेलं सरपण, जिथे मूल राहतं त्या घरी, स्वतः नेऊन, स्वतः आत रचून देईल.' मार्लीस त्या दिवशी इतकी थकली होती की तिनं वाचलंच नाही. आणि ऑक्टोबरातल्या एका शनिवारी खाली रस्त्यावर एक पिकअप खोकत थांबली. तिचं एक दार दोरीनं बांधलेलं होतं, आणि ती पेट्रोलपेक्षा शिव्यांवर जास्त चालते असं डेल्विन स्वतःच सांगायचा. मग जिन्यावर पहिल्यांदा तो आवाज आला, धप्प, धप्प, आणि मध्ये हुश्श.

तेव्हा तिला वाटलं की हा सूड उगवतोय. मग वाटलं, नाही, सूड उगवायला लागते तेवढी शिस्त याच्याकडे नाही. मग वाटलं की विचारावं. पण विचारायला तोंड उघडलं की बिग्गी त्याच्या मागेपुढे नाचत असायची, एकेक ढलपी घेऊन, आणि तो दर फेरीला तिला विचारायचा, "कुठे ठेवू हो, मालकीणबाई?" ती बोट दाखवायची, आणि दर फेरीला बोट वेगळीकडे जायचं. एक गाडी रिकामी व्हायला सबंध शनिवार लागायचा. मध्ये सूप, मध्ये तळलेल्या रोट्या, मध्ये तळ्यावरच्या गप्पा. त्या गप्पांत एक वॉलाय मासा होता, जो दर वर्षी डेल्विनच्या गळाला लागायचा आणि दर वर्षी काहीतरी महत्त्वाचं काम सांगून सुटून जायचा. संध्याकाळी तो निघून गेला की मार्लीस झाडू घेऊन सालीचे पापुद्रे गोळा करायची आणि मनात म्हणायची, पुढच्या वेळी नक्की सांगायचं. या घराला चूल नाही, एवढंच तर वाक्य. दोन वर्षं ते तिच्या जिभेवर होतं, आणि दोन वर्षं तिनं ते गिळलं, का गिळलं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

आता मात्र ते सांगायची वेळ आली होती. बिग्गीला शाळेनंतर सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून मार्लीसनं वसंतात जिल्ह्याच्या कचेरीत मदतीचा अर्ज केला होता, आणि जिल्ह्याची रीत अशी की आईला मदत दिली की बापाला शोधायचं. त्यांनी शोधला. आता जिल्ह्याच्या कोर्टाचं म्हणणं, मूल आमच्या शहरात राहतं, तेव्हा पोटगी आम्ही लावणार, रोख, दर महिन्याला. जमातीच्या कोर्टाचं म्हणणं, मूल आमचं आहे, हुकूम आमचा आधीच आहे. हद्द कुणाची यावर बरीच पत्रं इकडून तिकडे गेली, आणि शेवटी जिल्ह्यानं एक सरळ गोष्ट मान्य केली. तुमच्या हुकुमानं मुलीचं खरोखरच भागत असेल तर आम्ही हात मागे घेतो. नसेल तर मुलगी आमच्या कोर्टात. आईनं येऊन काय ते सांगावं. म्हणजे सगळं येऊन तिच्यावर थांबलं होतं, आणि तिच्याजवळ खरं उत्तर होतं.

शहर मागे पडलं तशी झाडं वाढत गेली. मागच्या सीटवर बिग्गी, तिच्या शेजारी पट्टा बांधून बसवलेला ओंडका. बिग्गीला वरच्या बाजूला एक पुढचा दात उगवत होता तो वाकडा, दंतवैद्य म्हणाला होता तार लावावी लागेल. बूट गेल्या हिवाळ्यातले, अंगठा पुढे टेकलेला. रोख म्हणजे तार. रोख म्हणजे बूट. मार्लीस हे शब्द मनात एकमेकांवर रचत होती आणि ते डेल्विनच्या थप्पीसारखे नीट बसत नव्हते. लोक म्हणतात दात बनवणारीला सगळं सरळ आवडत असेल. खरं तर मार्लीस प्रत्येक दातात मुद्दाम किंचित वाकडेपणा ठेवायची, नाहीतर तो तोंडात मेल्यासारखा दिसतो. बिग्गीचा तो दात डेल्विनचा होता, हुबेहूब. तिच्या स्वतःच्या तोंडात तिच्या वडलांचं काय आहे ते तिला माहीत नव्हतं. वडलांचे दात तिनं जवळून पाहिलेच नव्हते.

वडील, एमेरी, सगळ्या मुलखात एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होते. त्यांच्यासारखं हळू कुणीच चालू शकत नसे. वाळक्या पानांवरून चालले तरी पान बोलायचं नाही. असं सांगतात की ते चरत्या हरणाच्या मागून जाऊन त्याच्या शेपटीला लाल रिबीन बांधून परत यायचे, आणि हरीण दुसऱ्या दिवशी तळ्यात पाणी प्यायला वाकलं की आपलं नटणं पाहून लाजायचं. मुलं खिदळायची, आणि मार्लीस त्या मुलांमध्ये बसून खिदळायची, आणि आत कुठेतरी तिला त्या हरणाचा हेवा वाटायचा. कारण तेव्हा जमातीचं कोर्ट पोटगीत लक्ष घालत नव्हतं, सगळं जिल्ह्याकडे. एमेरींना रोख लावली गेली, रोख त्यांच्याजवळ नव्हती. मग थकबाकीपायी गाडी चालवायचा परवाना गेला, परवान्यापाठोपाठ काम गेलं, आणि मग त्यांच्या नावाचा अटकेचा कागद पोलिसांच्या गाडीतून फिरायला लागला. शाळेजवळच्या त्या पिवळ्या घरात ती आणि आई राहायच्या. सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा असायचा. एवढंच. दलदलीच्या बाजूनं ते येऊन गेलेले असायचे, कुत्र्यालासुद्धा न कळता. आई मासा उचलून वास घ्यायची, ताजा आहे म्हणायची, आणि बराच वेळ त्याच त्या दलदलीकडे पाहत राहायची. मार्लीस जागी राहायचा प्रयत्न करायची. कान उशीवरून उचलून ठेवायची, मान दुखेपर्यंत. एकदा तरी काटकी मोडेल, एकदा तरी ते ठेचकाळतील. ते कधीच ठेचकाळले नाहीत. पुढे मासेही थांबले. कुणी म्हणालं पश्चिमेला बीटाच्या शेतांवर गेले, कुणी म्हणालं कॅनडात. इतके हळू गेले की ते नक्की कधी गेले हेही कुणाला सांगता आलं नाही.

कोर्ट होतं जुन्या शाळेच्या जेवणघरात. भिंतींमधून अजून वाटाण्याच्या सूपचा वास यायचा. कोर्टाचं काम नसलेल्या चारपाच बायका विणकाम घेऊन बसल्या होत्या, कारण कुणाच्या मुलीचं काय होतंय ते पाहायला माणूस हवं. डेल्विन भिंतीशी उभा होता, धुतलेला सदरा, ओले केस, टोपी हातात. बिग्गी धावत जाऊन त्याच्या पायाला चिकटली. त्याच्या नव्या बुटांच्या टाचा फरशीवर घोड्यासारख्या वाजत होत्या. भिंतीवरच्या पडद्यावर जिल्ह्याचे वकील होते, लुंडीन नावाचे, तरुण, सभ्य, विरळ केसांचे. दर थोड्या वेळानं त्यांचं चित्र अडकायचं आणि ते तोंड उघडं टाकून, जणू गाणं म्हणायच्या बेतात, तसेच राहायचे. तेवढा वेळ अर्डिस मावशी आदरानं थांबायची.

"मार्लीस," मावशी म्हणाली, "बारीक झालीस. शहरात जेवायला देत नाहीत का?"

"देतात, मावशी."

"लाकूड येतं का वेळेवर?"

"वेळेवर नाही. पण येतं."

विणकामवाल्या बायका खुसखुसल्या. डेल्विन म्हणाला, "आत्या, टायर फुटला होता." मावशी म्हणाली, "दर वेळी तोच टायर फुटतो, त्याला तरी पोटगी लावायला हवी." तेवढ्यात लुंडीन सुटले. "न्यायमूर्तींची परवानगी असेल तर मी एकच विचारतो," ते म्हणाले. "बाई, तुमच्या घरात चूल आहे का?"

दोन वर्षांचं वाक्य. आणि ते इतक्या सहज बाहेर आलं की तिला स्वतःलाच नवल वाटलं.

"नाही."

मावशीनं चष्मा काढला. "नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही, मावशी. तिसरा मजला आहे. वाफेवर तापतं."

"अगं, पण ती आहे ना, काळी, लोखंडी, तिच्यावर तुझी आई माझ्यासाठी रोट्या भाजायची ती!"

"ती पिवळ्या घरात."

"मग पिवळ्या घरासाठीच तर लिहिलं मी सरपण!"

"मावशी, मी नऊ वर्षं शहरात राहते."

"ते ठाऊक आहे मला," मावशी जराशी चिडून म्हणाली. "पण घरी कुठे राहतेस?"

कुणी हसलं नाही. विणकामवाल्या बायकांनी माना हलवल्या, बरोबरच प्रश्न आहे म्हणून. मार्लीस पाहत राहिली. आई गेल्यापासून त्या घराला कुलूप होतं. तिला वाटत आलं होतं की ती इथून गेली, आणि जाताना पाठीमागे पाणी मिटावं तशी जागा मिटली. आणि इथे तर अजून सगळ्यांच्या मनात ती शाळेजवळच्या पिवळ्या घरात राहत होती; शहरात गेली होती ती दुकानात जावं तशी, येईल काम आटपून. मावशी तर म्हणत होती, "कालच मी तिथून गेले, मनात म्हटलं, मार्लीसच्या दारातलं पायपुसणं पार फाटलंय, सांगायला हवं तिला." मग ती डेल्विनकडे वळली. "आणि तू रे गाढवा? तुला दिसलं नाही घरात चूल नाही ते?"

"हुकुमात लिहिलं होतं, मूल राहतं तिथे," डेल्विन म्हणाला. "तुझा हुकूम, आत्या. मी कशाला विचारू? मला वाटलं खाली तळघरात मोठा बॉयलर असेल. एवढी इमारत, कशावर तरी तापत असेलच ना!"

आता मात्र जेवणघर खदखदलं. मावशी स्वतः डोळे पुसत होती. "चूक माझी," ती म्हणाली. "लिहून घे, लेरॉय. चूक न्यायाधीशाची." लेरॉय म्हणजे कारकून, त्यानं मान वर न करता लिहून घेतलं.

लुंडीन हसले नाहीत, पण त्यांचा आवाज मऊ झाला. "मला वाईट वाटतं," ते म्हणाले, "पण मग प्रश्न तोच उरतो. बाई, खरं सांगा. या लाकडाचा तुमच्या मुलीला काही उपयोग होतो का?"

नाही. एवढं म्हटलं की तार, एवढं म्हटलं की बूट. आणि ते खोटंही नव्हतं. मार्लीसनं डेल्विनकडे पाहिलं. तो टोपी गोल फिरवत होता, दोन्ही हातांनी, बोटांना डिंक लागलेला. पहिले काही महिने तो रोख भरेल, त्यासाठी होडी विकेल. मग हिवाळ्यात बर्फ उशिरा पडेल आणि एक हप्ता चुकेल. परवाना जाईल. परवाना गेला की उत्तरेतून शहरापर्यंतचा तो चार तासांचा रस्ता जाईल. तरी तो येईल, पहिल्यांदा तरी येईलच, कुणाच्या तरी गाडीतून, अंधार पाहून, मागच्या दारानं. बूट हातात घेऊन. डेल्विन, ज्याला झोपलेलं मांजरसुद्धा न जागवता ओलांडता येत नाही, तो हळू चालायला शिकेल. तिच्या मानेत एकदम, कान उशीवरून उचलून धरायची तेव्हाची जुनी कळ आली.

"होतो," ती म्हणाली.

"कसा?"

तेवढ्यात बिग्गी बापाच्या पायापासून सुटली, दारापाशी ठेवलेला सकाळचा ओंडका उचलून पोटाशी धरून आली, आणि तिनं तो न्यायाधीशाच्या टेबलावर ठेवला. ठेवला कसला, सोडला. टेबल हललं. लेरॉयचं पेन उडालं. पडद्यावर लुंडीनसुद्धा दचकले.

"जड आहे," मार्लीस म्हणाली.

"माफ करा, मला नीट ऐकू आलं नाही."

"लाकूड जड असतं," ती जरा मोठ्यानं म्हणाली. "पोस्टानं येत नाही. तीन जिने चढून आणावं लागतं, एकेक फेरी. तो आला की सगळ्या इमारतीला कळतं. खालची हलीमो मला हाक मारते. माझी मुलगी शनिवारी दाराला कान लावून बसते, आणि तिला ऐकू येतं." ती थांबली. "मला माझे वडील कधीच ऐकू आले नाहीत."

विणकामाच्या सुया थांबल्या. मागच्या बाकावरच्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं, जिच्या तरुणपणी एमेरी तिच्याच आळीतून न वाजता जायचे, नाक ओढलं. अर्डिस मावशीनं ओंडका एका हातानं उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग दोन्ही हातांनी उचलला आणि जरासा वर-खाली करून पाहिला, बाजारात भोपळा पाहावा तसा.

"लिही, लेरॉय," ती म्हणाली. "सरपण मुलीच्या उपयोगाचं आहे. कारण, जड आहे."

"एवढंच?"

"मग काय निबंध लिहितोस?"

लुंडीन तोंड उघडून तसेच राहिले, तेव्हा सगळ्यांना वाटलं चित्र पुन्हा अडकलं. पण ते अडकलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला. "जिल्ह्याला हुकूम चालू असल्याचं समाधान आहे," ते म्हणाले. "आम्ही हात मागे घेतो. आईची शाळेनंतरची मदत चालू राहील. मुलीचा पत्ता काय नोंदवू?"

"पिवळं घर, शाळेजवळ," मावशी म्हणाली, आणि चष्म्यावरून मार्लीसकडे पाहिलं.

मार्लीसनं तिला दुरुस्त केलं नाही. फक्त म्हणाली, "पण मावशी, लाकूड अर्धं करा. मला अंघोळीला टब हवाय. उरलेल्या अर्ध्याच्या जागी तिला बूट, आणि दाताच्या तारेला जे होईल ते."

"अर्धं?" डेल्विन भिंतीवरून निघून टेबलापर्यंत आला, टाचा खडाखडा वाजवत. "अगं, मी बाहेर गाडी भरून उभी केलीये! सबंध गाडी!"

"आजची गाडी जुन्या हुकुमात," मावशी म्हणाली. "पुढचं पुढे. आणि होडीवर येणाऱ्या पाहुण्यांकडून जे मिळेल त्यातलं आधी दाताला. ऐकलंस? का टायर फुटला कानातला?"

परतीच्या वाटेवर मार्लीसच्या आरशात एकच दिवा दिसत राहिला, कारण पिकअपचा दुसरा दिवा गेल्याच वर्षी एका हरणानं फोडला होता. डेल्विनच्या मते हरणानं तो मुद्दाम फोडला, जुना हिशेब होता. बिग्गी मागे ओंडक्यावर डोकं टेकून झोपली होती. मार्लीसला तार आठवत होती, बूट आठवत होते, आणि त्याखाली काहीतरी सैल झाल्यासारखं वाटत होतं, आणि त्याला नाव द्यायची तिला घाई नव्हती. पिवळ्या घराचं पायपुसणं बदलायला हवं, एवढं मात्र तिनं मनात टिपलं. उन्हाळ्यात जाऊन. चूलही पेटवून पाहायला हवी. लाकूड तर होतंच.

घरी पोचल्यावर तिनं बिग्गीला पलंगावर टाकलं, खाली ओंडक्यांची थप्पी, वर ती, आणि स्वतः स्वयंपाकघरात सूप तापत ठेवून खुर्चीवर बसली. दिवा लावला नाही. खाली पिकअप खोकून थांबली. दोरीनं बांधलेलं दार उघडताना डेल्विननं गाडीला काहीतरी लागट बोलून दाखवलं. मग खालचा दरवाजा, मग पायऱ्या. धप्प. धप्प. हुश्श. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं आणि हलीमोचा आवाज आला, "आलास का रे बाबा! सकाळी तुझा भाऊ येऊन गेला माझ्याकडे!" तो काहीतरी म्हणाला, ती हसली, तोही हसला, आणि हसताना त्याच्या हातातून एक ओंडका निसटला. तो पुन्हा तसाच सावकाश, एकेक पायरी खात, मध्ये दम घेत, खाली निघाला, आणि त्याच्यामागे, इमारतीतल्या शेवटच्या बहिऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात, डेल्विनची शिवी. आतल्या खोलीत बिग्गी झोपेतच हसली.

मार्लीस अंधारात बसून ऐकत होती. इतका वाईट चालणारा माणूस तिनं आयुष्यात पाहिला नव्हता.